मुंबईच्या आसपास परवडणारे घर : स्टेशन, पाणी आणि कागद

नोकरी मुंबईत आणि घर मुंबईबाहेर ही विभागणी रेल्वेने घडवली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी गेली आणि पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोहोचले. १९२५ मध्ये विजेवर चालणारी गाडी सुरू झाली आणि दूर राहून रोज ये-जा करणे सामान्य चाकरमान्याच्या आवाक्यात आले. पुढच्या काळात बेटावरच्या शहरात घर मिळणेच अवघड झाले. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुनी भाडी गोठली, तसा भाड्याने देण्यासाठी नव्या चाळी बांधण्यात कोणाला रस उरला नाही. पागडीच्या खोल्यांत दुसरी-तिसरी पिढी दाटीवाटीने राहू लागली. १९८२ च्या गिरणी संपानंतर गिरणगावातली अनेक कुटुंबे बाहेर पडली. गिरगाव, दादर, परळची माणसे डोंबिवली, ठाणे, विरार, बदलापूरला गेली. २००१ ते २०११ या दहा वर्षांत मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३३ लाखांवरून ३१ लाखांच्या आत आली. त्याच काळात तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या, म्हणजे आजचा पालघर धरून, ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेली.

मुंबईपासून स्टेशन जितके दूर, तितका चौरस फुटाचा भाव उतरतो. मात्र उतरलेला सगळाच भाव बचत ठरत नाही. त्यातला काही भाग रोज गाडीत वेळ घालवून भरावा लागतो, काही टँकरच्या बिलात आणि काही शाळेच्या बसच्या शुल्कात जातो. कागदपत्रे कच्ची असतील तर सगळीच किंमत बुडू शकते. म्हणून परवडणाऱ्या घराचा हिशेब फ्लॅटच्या किमतीवर थांबवता येत नाही. घरातल्या प्रत्येकाचा दिवस त्या ठिकाणी कसा जाईल, हे त्या हिशेबात धरावे लागते.

आधी कामाचे ठिकाण, मग मार्ग

पूर्वी मुंबईतले काम म्हणजे बहुतेकांसाठी फोर्ट, नरिमन पॉइंट किंवा गिरणगाव. चर्चगेट आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ही दोन टोके धरून अंतर मोजले की पुरत असे. आता कार्यालये वांद्रे-कुर्ला संकुल, लोअर परळ, अंधेरी, गोरेगाव, पवई, ठाणे, ऐरोली, महापे अशी पसरली आहेत. त्यामुळे एखादे उपनगर मुंबईपासून किती किलोमीटरवर आहे, यापेक्षा आपल्या कार्यालयापर्यंत किती वेळा गाडी बदलावी लागते हे महत्त्वाचे ठरते.

पश्चिम मार्ग चर्चगेटहून बोरिवली, वसईवरून विरारला जातो आणि २०१३ पासून लोकल डहाणूपर्यंत धावते. मध्य मार्ग ठाण्यावरून कल्याणला येतो. तिथे त्याच्या दोन शाखा होतात : एक टिटवाळा, आसनगाववरून कसाऱ्याकडे, दुसरी अंबरनाथ, बदलापूरवरून कर्जतकडे. हार्बर मार्ग कुर्ला, वाशीवरून पनवेलला पोहोचतो. ठाण्याहून वाशी, नेरुळ आणि पनवेलकडे जाणारा ट्रान्स-हार्बर मार्ग २००४ पासून सुरू आहे. मध्य आणि पश्चिम मार्गांची गाठ दादरला पडते आणि तिथली गर्दी ओलांडणे हे एक वेगळेच काम असते. २०१४ मध्ये घाटकोपर-वर्सोवा मेट्रो आली, तेव्हा कल्याण-ठाण्याकडून अंधेरीला जाणाऱ्यांची दादरची फेरी वाचली. ऐरोली-घणसोलीच्या आयटी संकुलात काम करणाऱ्याला डोंबिवलीहून ठाण्याला गाडी बदलून जाता येते. त्याच माणसाने स्वस्त म्हणून नालासोपाऱ्यात घर घेतले, तर रोजचा प्रवास त्याच्या अंगावर येईल.

घरात दोन कमावती माणसे असतील तर दोघांची कार्यालये नकाशावर मांडावी लागतात. एकाचे काम गोरेगावला आणि दुसऱ्याचे ठाण्याला असेल, तर एकासाठी सोयीचे स्टेशन दुसऱ्याला गैरसोयीचे होणारच. अशा वेळी ज्याची नोकरी बदलण्याची शक्यता कमी, किंवा ज्याला मुलांसाठी लवकर घरी परतायचे असते, त्याच्या प्रवासाला झुकते माप देणे शहाणपणाचे असते. खासगी नोकऱ्या चार-पाच वर्षांत बदलतात आणि गृहकर्ज वीस वर्षे चालते. म्हणून एकाच कार्यालयाला सोयीचे असण्यापेक्षा दोन-तीन रोजगारकेंद्रांकडे जाता येईल असे जंक्शन अधिक टिकाऊ निवड ठरते. ठाणे महाग असूनही लोकांना हवेसे वाटते त्याचे एक कारण हेच आहे.

स्टेशनची पारख

एकाच मार्गावरची दोन शेजारची स्टेशने सारखी नसतात. पहिला प्रश्न असतो, गाडी तिथून सुटते का? कल्याण, अंबरनाथ, बदलापूर, टिटवाळा, विरार, पनवेल ही गाड्या सुटण्याची स्थानके आहेत. तिथे चढणाऱ्याला बसायला जागा मिळण्याची शक्यता असते. पुढच्या स्टेशनवर चढणाऱ्याला ती गाडी भरलेलीच मिळते. मीरा रोड आणि भाईंदर विरारपेक्षा मुंबईला जवळ आहेत, पण सकाळी विरारहून भरून आलेल्या जलद गाडीत तिथे पाय ठेवायला जागा नसते. संध्याकाळी त्याच गाडीतून मध्येच उतरणे तितकेच कठीण. डोंबिवलीतले कित्येक प्रवासी जागेसाठी आधी उलट कल्याणच्या दिशेने जाऊन तीच गाडी पकडतात. कागदावरच्या वेळेत हा वळसा दिसत नाही.

दुसरा प्रश्न जलद गाडीचा आणि गाड्यांच्या वारंवारतेचा. ठाणे, डोंबिवली, कल्याण येथे जलद गाड्या थांबतात. दिवा आणि मुंब्रा यांची अडचण वेगळी : घरे स्वस्त, वस्ती दाट आणि गर्दीच्या वेळी चढणे जिकिरीचे. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दोन भरलेल्या गाड्या एकमेकींशेजारून जाताना दारात लटकलेले प्रवासी खाली पडले आणि काहींचा जीव गेला. गर्दी केवळ गैरसोय नाही, जिवाशी गाठ आहे, हे या अपघाताने पुन्हा दाखवले. कल्याणच्या पुढे गाड्यांची संख्या एकदम कमी होते. त्यातही कसारा आणि कर्जत या शाखांवर लोकल आणि लांब पल्ल्याच्या गाड्या बहुतांशी त्याच रुळांवरून जातात. एक गाडी चुकली तर पुढची वीस-पंचवीस मिनिटांनी, आणि आसनगाव-कसाऱ्याकडे त्याहूनही उशिरा. हार्बर मार्गाला जलद गाड्यांसाठी वेगळे रूळ नाहीत. त्यामुळे पनवेल अंतराने सुमारे ४९ किलोमीटर, म्हणजे साधारण डोंबिवलीइतके दूर असले, तरी टर्मिनसला पोहोचायला सव्वा तासाहून अधिक लागतो.

तिसरा प्रश्न शेवटच्या गाडीचा आणि रविवारच्या मेगाब्लॉकचा. दुसऱ्या पाळीत काम करणारे, रुग्णालयातले कर्मचारी, दुकानांत काम करणारे यांच्यासाठी रात्री अकरानंतर किती गाड्या आहेत आणि स्टेशनबाहेर रिक्षा मिळते का, हे सकाळच्या गर्दीइतकेच महत्त्वाचे आहे. महिला प्रवाशांसाठी महिला विशेष गाडी १९९२ मध्ये सुरू झाली. ती आपल्या वेळेला आहे का आणि रात्री स्टेशनपासून घरापर्यंतचा रस्ता उजेडाचा, वर्दळीचा आहे का, हे घर पाहताना तपासून घ्यावे.

दारापासून दारापर्यंत

बिल्डरच्या जाहिरातीतली ‘स्टेशनपासून दहा मिनिटे’ बहुतेक वेळा रिकाम्या रस्त्यावरच्या दुचाकीची असतात. खऱ्या हिशेबात घरातून निघून रिक्षाच्या रांगेत उभे राहणे, स्टेशनचा पूल चढणे, गाडीची वाट पाहणे, प्रवास, पुन्हा पूल आणि तिथून कार्यालयाचे दार, हे सगळे येते. समजा एका घरातून कार्यालयाला एक तास लागतो आणि दुसऱ्या, स्वस्त घरातून दीड तास. दोन्ही वेळचा प्रवास धरून फरक रोज एका तासाचा. वर्षाला तीनशे कामाचे दिवस धरले तर तीनशे तास, म्हणजे आठ तासांच्या सदतीस-अडतीस पाळ्या झाल्या. मुले लहान असतील तर हा तास नेमका त्यांच्या जेवणाच्या, अभ्यासाच्या आणि झोपण्याच्या वेळेतून जातो.

पैशांच्या बाजूने रेल्वे अजूनही स्वस्त आहे. दुसऱ्या वर्गाचा मासिक पास काही शे रुपयांत मिळतो. खरा खर्च स्टेशन ते घर या शेवटच्या टप्प्यावर होतो. शेअर रिक्षाला दोन वेळचे मिळून रोज चाळीस-पन्नास रुपये पडत असतील, तर पंचवीस दिवसांचे हजार-बाराशे होतात, म्हणजे रेल्वेच्या पासापेक्षा कितीतरी जास्त. दोघे जाणारे असतील तर दुप्पट. म्हणून स्टेशनपासून पायी जाता येईल असे जुने घर आणि चार किलोमीटरवरच्या संकुलातले नवे घर यांची तुलना करताना रिक्षाचा खर्च दरमहा हप्त्यासारखा धरावा.

पूर्व आणि पश्चिम हा भेदही लक्षात घ्यावा लागतो. रुळांच्या एका बाजूला बाजार, शाळा, दवाखाने आणि दुसऱ्या बाजूला नवी वस्ती, असे चित्र अनेक स्टेशनांवर दिसते. रूळ ओलांडण्यासाठी गाड्यांचा उड्डाणपूल कुठे आहे, पादचारी पूल किती रुंद आहे, पावसाळ्यात भुयारी मार्ग तुंबतो का, यावर रोजचा वीस-पंचवीस मिनिटांचा फरक पडतो.

पट्टे आणि त्यांचे स्वभाव

सगळ्यात आतल्या पट्ट्यात ठाणे, मीरा रोड, भाईंदर आणि वाशी-नेरुळ येतात. रुग्णालये, महाविद्यालये, बाजार, नाट्यगृहे अशा शहरी सोयी इथे भरपूर आहेत. मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबाला नवे दोन खोल्यांचे घर इथे सहसा परवडत नाही. जुन्या इमारतीतले, लिफ्ट नसलेले वन बीएचके मात्र कधीकधी आवाक्यात येते.

डोंबिवली आणि कल्याण हा मधला पट्टा. टर्मिनसपासून अंतर अनुक्रमे सुमारे ४८ आणि ५४ किलोमीटर. मराठी मध्यमवर्गाची जुनी उपनगरी वस्ती असल्याने इथे कुटुंबाला लागणारी यंत्रणा मुरलेली आहे : पाळणाघरे, पोळीभाजी केंद्रे, शिकवण्या, गाण्याचे आणि तबल्याचे वर्ग, वाचनालये, नाट्यगृहे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ पासूनचे आहे. नोकरी करणाऱ्या आईवडिलांसाठी पोळीभाजी केंद्र आणि विश्वासू पाळणाघर ही एखाद्या नव्या संकुलातल्या पोहण्याच्या तलावापेक्षा कितीतरी अधिक उपयोगाची गोष्ट असते. या पट्ट्याच्या अडचणी म्हणजे अरुंद रस्ते, स्टेशन परिसरातली कोंडी आणि डोंबिवलीत निवासी भागाला चिकटलेली औद्योगिक वसाहत. तिथल्या रासायनिक कारखान्यांत २०१६ आणि २०२४ च्या मे महिन्यांत मोठे स्फोट झाले आणि आसपासच्या इमारतींच्या काचा फुटल्या.

अंबरनाथ आणि बदलापूर हा पुढचा पट्टा, टर्मिनसपासून सुमारे ६० आणि ६८ किलोमीटर. बदलापूरची लोकसंख्या २००१ मध्ये सुमारे ९८ हजार होती, ती २०११ मध्ये १ लाख ७४ हजारांवर गेली. किमती कल्याणपेक्षा कमी, हवा तुलनेने मोकळी, डोंगर जवळ. मात्र जलद गाडीनेही टर्मिनस गाठायला दीड तास लागतो, शिवाय उल्हास नदीचा पूर आहेच. टिटवाळा, आसनगाव आणि वांगणी, नेरळ ही स्टेशने आणखी स्वस्त असली, तरी रोज दक्षिण मुंबईत जाणाऱ्या कुटुंबासाठी ती सोयीची नाहीत. ज्यांचे काम कल्याण, भिवंडी किंवा ठाण्यात आहे, किंवा ज्यांना आठवड्यातून दोन-तीन दिवसच कार्यालयात जावे लागते, त्यांना ती परवडू शकतात.

पश्चिमेकडे वसई, नालासोपारा आणि विरार. वसई पश्चिमेला जुनी गावे, वाड्या आणि चर्चभोवतीची वस्ती आहे. नालासोपाऱ्यात आणि विरारमध्ये स्वस्त घरांची प्रचंड दाटी झाली. चार स्वतंत्र नगरपरिषदा आणि अनेक गावे मिळून २००९ मध्ये इथे महापालिका झाली, पण तोवर नियोजनाशिवाय बरेच बांधकाम उभे राहिले होते.

दक्षिणेकडे नवी मुंबई आणि पनवेल. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने इथे आधी आराखडा आखला आणि मग वसाहती वसवल्या, म्हणून रुंद रस्ते, मैदाने आणि शाळांचे भूखंड आधीच राखलेले आहेत. खारघर, कामोठे, कळंबोली, नवे पनवेल येथे लहान मुलांना सायकल चालवायला जागा असते. बेलापूर ते पेंधर मेट्रो नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झाल्याने तळोजा बाजूच्या वसाहतींना जोडणी मिळाली. उणीव अशी की काम नवी मुंबईत किंवा हार्बर मार्गावर नसेल, तर प्रवास लांबतो.

पाणी, पूर आणि हवा

या सगळ्या पट्ट्यात घराची खरी परीक्षा पाण्याने होते. नवी मुंबई महापालिकेकडे स्वतःचे मोरबे धरण आहे, त्यामुळे तिच्या हद्दीत पुरवठा तुलनेने भरवशाचा आहे. तिच्या शेजारच्या पनवेल महापालिकेच्या वसाहतींत मात्र उन्हाळ्यात ओरड होते. बदलापूरजवळचे बारवी धरण औद्योगिक विकास महामंडळाचे असून त्याचे पाणी अनेक शहरांत वाटले जाते. वसई-विरार आणि मीरा-भाईंदरसाठी सूर्या प्रकल्पाची मोठी योजना आखली गेली. वसई-विरारला तिचे पाणी २०२३ मध्ये मिळू लागले, तोवर कित्येक सोसायट्या टँकरवरच चालत होत्या.

एखाद्या शहरात पाणी आहे म्हणजे त्या इमारतीत आहे, असे होत नाही. महापालिकेची नळजोडणी आहे की नुसती बोअरवेल, पाणी रोज येते की दिवसाआड, किती वेळ येते, एप्रिल-मेमध्ये टँकर मागवावा लागतो का आणि त्याचा खर्च देखभाल शुल्कात किती पडतो, हे सोसायटीच्या सचिवाला विचारता येते. त्याहून स्पष्ट उत्तर सोसायटीच्या मागच्या वर्षाच्या जमाखर्चात मिळते, कारण टँकरची बिले तिथे नोंदलेली असतात.

पुराचा प्रश्न तितकाच गंभीर आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा उल्हास खोऱ्यातही हाहाकार उडाला होता. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरामुळे महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान अडकली आणि सुमारे हजारभर प्रवाशांना सोडवावे लागले. जिथे रूळ बुडतात तिथे नदीकाठच्या इमारतींचा तळमजला कोरडा राहत नाही. जलसंपदा विभाग नदीकाठी दोन पूररेषा आखतो. निळी रेषा पंचवीस वर्षांत एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांत एकदा येऊ शकणाऱ्या पुराची. प्रकल्प कोणत्या रेषेच्या आत येतो, हे नगररचना विभागाच्या नकाशावर पाहता येते. वसई-नालासोपाऱ्यात नदीपेक्षा भरतीचे आणि मिठागरांच्या सखल जमिनीचे पाणी त्रास देते. तिथे पायाची उंची आणि समोरच्या रस्त्याची उंची यांतला फरक पाहणे उपयोगी पडते. काँक्रीटीकरणानंतर रस्ता वर जातो आणि जुन्या इमारतीच्या आवारात पाणी शिरते.

हवेचा अंदाज एका भेटीत येत नाही. रासायनिक कारखान्यांचा वास बहुधा रात्री किंवा पहाटे जाणवतो. दुपारी घर पाहून गेलेल्या कुटुंबाला तो कळत नाही. तळोजा आणि डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतींजवळ, तसेच कचराभूमीच्या आसपास घर पाहताना रात्री उशिरा एक फेरी मारावी.

मुले, म्हातारी माणसे आणि रोजचा दिवस

कुटुंबासाठी योग्य वस्ती ओळखण्याचा साधा निकष असा : दहा वर्षांचे मूल एकटे कुठे कुठे जाऊ शकते? शाळा, मैदान, वाण्याचे दुकान आणि मित्राचे घर चालत जाण्याच्या अंतरावर असतील, तर आईवडिलांचे अर्धे श्रम वाचतात. शाळा दूर असेल तर स्कूल बसचे भाडे, मुलाचा प्रवासातला वेळ आणि पावसाळ्यातली काळजी, तिन्ही वाढतात. नव्या वसाहतींत शाळेचा भूखंड राखलेला असतो, पण शाळा उभी राहायला काही वर्षे जातात. त्यामुळे ‘प्रस्तावित शाळा’ हिशेबात न धरता आज चालू असलेली, हवे ते माध्यम आणि हवा तो बोर्ड असलेली शाळाच मोजावी. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार खासगी शाळांत पहिल्या वर्गातील पंचवीस टक्के जागा दुर्बल घटकांसाठी राखीव असतात आणि त्यांच्या प्रवेशात घर ते शाळा हे अंतर विचारात घेतले जाते. अल्प उत्पन्नाच्या कुटुंबासाठी पत्ता ठरवताना हा मुद्दा निर्णायक ठरू शकतो.

पाळणाघराची वेळ आईवडिलांच्या गाडीच्या वेळेशी जुळायला हवी. पाळणाघर सात वाजता बंद होत असेल आणि गाडी साडेसातला पोहोचत असेल, तर जवळचे नातेवाईक किंवा शेजारी यांचा आधार लागतो. म्हणूनच अनेक कुटुंबे आजी-आजोबांच्या किंवा बहीण-भावाच्या घराजवळ घर घेतात. बाजारभावात न दिसणारी ही मोठी बचत आहे.

वृद्धांसाठी लिफ्ट, जवळचा दवाखाना आणि रात्री मिळणारे औषधांचे दुकान पाहावे. लहान शहरांत प्रसूती आणि किरकोळ आजारांची सोय असते. गंभीर रुग्णाला मात्र अनेकदा ठाणे किंवा मुंबई गाठावी लागते. अतिदक्षता विभाग असलेले रुग्णालय रात्री दोन वाजता किती मिनिटांवर आहे, हे आधी माहीत असलेले बरे.

कागदपत्रे

कमी किमतीचे एक कारण दूर अंतर असते, दुसरे कारण सदोष कागद. मुंबईच्या परिघात दुसऱ्या कारणाने फसलेली कुटुंबे हजारोंनी आहेत. एप्रिल २०१३ मध्ये मुंब्र्याजवळ शीळ येथे बेकायदा उभारली जाणारी इमारत कोसळून ७४ जण मृत्युमुखी पडले. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कल्याण-डोंबिवली महापालिका हद्दीतील ६५ बेकायदा इमारती पाडण्याचा आदेश दिला. या प्रकरणात बनावट बांधकाम परवानग्या दाखवून महारेरा या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाची नोंदणीही मिळवलेली होती. २०२५ च्या सुरुवातीपर्यंत नालासोपारा पूर्वेत राखीव भूखंडांवरच्या ४१ इमारती न्यायालयाच्या आदेशाने पाडल्या गेल्या आणि तिथली कुटुंबे रस्त्यावर आली.

यातून घेण्याचा धडा हा की नुसता महारेराचा क्रमांक पुरेसा नाही. हे प्राधिकरण १ मे २०१७ पासून काम करते. पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या भूखंडावरच्या आणि आठपेक्षा जास्त सदनिकांच्या नव्या प्रकल्पाला नोंदणी बंधनकारक आहे. नोंदणीकृत प्रकल्पात ग्राहकांकडून घेतलेल्या रकमेपैकी सत्तर टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवावी लागते. नोंदणीकृत करार केल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. विक्री चटईक्षेत्रावर करावी लागते आणि ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर दुरुस्तीची जबाबदारी विकासकाची असते. हे संरक्षण मोलाचे आहे. तरीही बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र आणि मंजूर नकाशा संबंधित महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन खरे आहेत का, हे स्वतः किंवा वकिलामार्फत पडताळावे.

तयार घर घेताना सर्वांत महत्त्वाचा कागद भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे बोलीभाषेतली ‘ओसी’. ती नसेल तर इमारत कायद्याच्या नजरेत राहण्यायोग्य ठरलेली नसते. पाणीजोडणी, कर्ज आणि पुढची विक्री या तिन्हींत अडचण येते. जमिनीचा सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, बिगरशेती परवानगी, मागील तीस वर्षांचा शोध अहवाल, सोसायटीची नोंदणी, भागपत्र आणि अभिहस्तांतरण झाले आहे का, हे क्रमाने पाहावे. अभिहस्तांतरण झाले नसेल तर जमीन अजून मूळ मालकाच्या किंवा विकासकाच्या नावावर असते आणि पुढे इमारतीचा पुनर्विकास करताना तोच अडसर होतो. नवी मुंबईत सिडकोची जमीन मुख्यतः भाडेपट्ट्याने दिलेली आहे, म्हणून तिथे हस्तांतरणासाठी सिडकोची परवानगी आणि शुल्क यांचा विचार करावा लागतो. गावठाणालगत ग्रामस्थांनी परवानगीशिवाय ‘गरजेपोटी’ बांधलेल्या इमारतींतले घर स्वस्त मिळते, पण त्यावर राष्ट्रीयीकृत बँका सहसा कर्ज देत नाहीत. बँकेने नकार दिलाच, तर तो इशारा समजून मागे फिरावे.

पैशांचा हिशेब

जाहिरातीतली किंमत ही सुरुवात असते. मुद्रांक शुल्क उपकर धरून साधारण सहा ते सात टक्के होते आणि महिलेच्या नावावर घर घेतल्यास एक टक्का सवलत मिळते. नोंदणी शुल्क एक टक्का, जास्तीत जास्त तीस हजार रुपये. बांधकाम सुरू असलेल्या घरावर वस्तू व सेवा कर लागतो : साठ चौरस मीटरपर्यंतच्या आणि पंचेचाळीस लाखांपर्यंतच्या घराला एक टक्का, त्यापलीकडे पाच टक्के. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या तयार घरावर तो लागत नाही. पार्किंग, सोसायटीची अनामत, दोन वर्षांचे आगाऊ देखभाल शुल्क, दलाली आणि अंतर्गत काम मिळून आणखी काही लाख उभे राहतात.

रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार तीस लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या नव्वद टक्क्यांपर्यंत, तीस ते पंचाहत्तर लाखांच्या कर्जाला ऐंशी टक्क्यांपर्यंत रक्कम मिळू शकते. मुद्रांक आणि नोंदणीचे पैसे सहसा त्यात धरले जात नाहीत, ते घरातूनच काढावे लागतात. नऊ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी घेतलेल्या दर दहा लाखांमागे महिन्याचा हप्ता सुमारे नऊ हजार रुपये येतो. या आकड्यावरून दोन ठिकाणांची तुलना सोपी होते. कल्याणचे घर बदलापूरपेक्षा दहा लाखांनी महाग असेल तर फरक महिन्याला नऊ हजारांचा. त्यातून दोन्ही कमावत्या माणसांचा रिक्षाखर्च, टँकरचा वाटा, शाळेच्या बसमधला फरक आणि वाचलेला वेळ वजा केला, की खरी बचत किती उरते ते दिसते. काही कुटुंबांसाठी ती भरपूर उरते, काहींसाठी काहीच नाही.

मोठ्या संकुलांत देखभाल शुल्क चौरस फुटावर आकारतात. लिफ्ट, जनरेटर, क्लबहाउस आणि सुरक्षारक्षक यांचा भार दरमहा तीन-चार हजारांवर जाऊ शकतो. हप्ता वर्षानुवर्षे तोच राहिला तरी हे शुल्क वाढत जाते. हप्ता आणि देखभाल मिळून हातात येणाऱ्या पगाराच्या चाळीस टक्क्यांच्या आत राहिले, तर एकाची नोकरी काही महिने गेली तरी कुटुंब तग धरू शकते.

उद्याच्या प्रकल्पांची किंमत

परिघातली बहुतेक घरे उद्या येणाऱ्या मेट्रोच्या, पुलाच्या किंवा विमानतळाच्या नावावर विकली जातात. प्रकल्प पूर्ण होतात, पण कुटुंबाच्या वेळापत्रकाने नव्हे. शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतूची कल्पना अनेक दशके कागदावर होती, तो जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला. उरणच्या रेल्वेमार्गाचा खारकोपरपर्यंतचा टप्पा २०१८ मध्ये आणि उरणपर्यंतचा २०२४ मध्ये सुरू झाला. नवी मुंबई विमानतळाची पायाभरणी फेब्रुवारी २०१८ मध्ये आणि उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झाले. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोची पायाभरणी डिसेंबर २०१८ मध्ये झाली, तरी सात वर्षांनंतरही कल्याणकर लोकलच्याच भरवशावर होते. पाचवीतल्या मुलासाठी घर घेणाऱ्याला सात-आठ वर्षांनी येणारी मेट्रो फारशी उपयोगी नाही. म्हणून भाव आजच्या सोयींचाच द्यावा. पुढचा प्रकल्प वेळेत आला तर तो वरचा लाभ.

भाड्याने राहून पाहणे

नवख्या भागात थेट घर विकत घेण्यापेक्षा अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर राहून पाहणे हा सर्वांत स्वस्त विमा आहे. १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्यानुसार असा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. अकरा महिन्यांत उन्हाळ्यातले पाणी, पावसाळ्यातला रस्ता, शाळा सुरू होण्याच्या दिवसांतली धावपळ आणि गणपतीतली वाहतूक, सगळे एकदा पाहून होते. ते शक्य नसेल तर निदान सोमवारी सकाळी आठ वाजता त्या घराच्या दारापासून कार्यालयापर्यंत आणि संध्याकाळी परत, असा प्रवास करून पाहावा. मुसळधार पाऊस झाल्यावर लगेच तिथे एक फेरी मारावी.

शेवटी निवडीचा क्रम ठरवावा. कागद सदोष असतील तर ते घर किंमत न पाहताच यादीतून वगळावे. पाणी किंवा पूर ही अडचण असेल तर तळमजल्यावरचे घर, तसेच महापालिकेची नळजोडणी नसलेल्या इमारती टाळाव्यात. यातून उरलेल्या घरांत दोघांच्या प्रवासाचा वेळ, मुलांची शाळा आणि पाळणाघर यांची तुलना करावी आणि त्यानंतरच चौरस फुटाचा भाव पाहावा. बहुतेक खरेदीदार हाच क्रम उलटा लावतात : आधी भाव ठरवतात आणि मग त्या भावात बसणाऱ्या घराच्या उणिवांशी जुळवून घेतात. घासाघीस करून किंमत थोडी कमी करता येते. स्टेशनची गर्दी, नदीचा पूर आणि नसलेली ओसी मात्र घासाघीस करून बदलत नाही.